केरबा तांबटाचा कान

एका बाजारगावात एक कान राहत होता. कानाला धरून माणूसही होता, केरबा तांबट नावाचा. पण लोक यायचे ते कानासाठी.

गावाच्या शिवेवर केरबाची पत्र्याची शेड होती. सोडावाल्यांचे, वेल्डिंगवाल्यांचे गॅसचे सिलिंडर रिकामे झाले की तिथं तपासणीला यायचे. केरबा सिलिंडर उभा करायचा, हातोडीचा एक टोला द्यायचा आणि मान तिरकी करून ऐकायचा. आवाज देवळातल्या घंटेसारखा लांबत गेला तर सिलिंडर धड. मडक्यावर मारल्यासारखा बद्द आला तर आतून गंजलेला, नाहीतर कुठंतरी चिरलेला. धड असेल त्याच्या गळ्यावर तो पंचानं ठसा ठोकायचा, आधी वर्ष आणि मग ‘के’. त्या ‘के’वर चार तालुके डोळे मिटून विसंबायचे.

आता नियम काय होता तेही ऐका. ठोकून ऐकायचं ती नुसती सुरुवात. त्यानंतर सिलिंडर आतून धुवायचा. वजन करायचं, ठरल्यापेक्षा घटलं तर बाद. मग पाण्यानं गच्च भरायचा, पंपानं दाब द्यायचा आणि काट्याकडे बघत उभं राहायचं. काटा ढळला की बाद. आणि बाद झालेला सिलिंडर कापून त्याचे तुकडे करायचे, म्हणजे कुणी हावरा तो पुन्हा जोडून वापरणार नाही. दर पाच वर्षांनी हे सगळं करायचं. हे कागदावर छापलेलं होतं, कागद काचेच्या चौकटीत होता आणि चौकट केरबाच्या भिंतीवर होती. रोज सकाळी तो तिला उदबत्ती ओवाळायचा.

पंप मात्र कोपऱ्यात पोत्याखाली पडून होता. त्यावर कोंबडी अंडी घालायची. त्या शेडमध्ये नेमानं तपासली जायची ती अंडीच.

“पाण्याची परीक्षा ज्याला कान न्हाई त्याच्यासाठी,” केरबा म्हणायचा. “माझ्याफुडं टाकी स्वतः बोलती.”

तीस वर्षं त्याचं काही चुकलं नाही. तिथंच घात झाला. एकदा थोडक्यात चुकला असता तर वेळेवर शहाणा झाला असता.

साठी उलटली आणि केरबाचा कान जायला लागला. आधी चिमण्या गप्प झाल्या. त्याला वाटलं, गावातल्या चिमण्याच कमी झाल्या. मग कुकरची शिट्टी गेली, मग नातीची हाक गेली. तेव्हा त्याला काय ते कळलं. पण त्यानं कुणाला सांगितलं नाही. कानावर ज्याचं नाव चाललंय त्यानं बहिरा झालो म्हणून कुठल्या तोंडानं सांगावं? तो लोकांच्या ओठांकडे बघायला शिकला. समोरचा हसला की हसायचा. टोला दिला की मान तिरकी करायचा, मनात पाचापर्यंत मोजायचा आणि म्हणायचा, “धड हाय.” दोन वर्षं असं चाललं.

त्याच्याकडे हौसाबाई नावाची बाई कामाला होती. जुना रंग तारेच्या ब्रशनं खरवडायचा आणि नवा लावायचा, हे तिचं बावीस वर्षांचं काम. बावीस वर्षं टोले ऐकून तिचाही कान तयार झाला होता. पण तिला कोण विचारतो?

एका चैत्रात बाबालाल तांबोळी आपला सिलिंडर हातगाडीवर घालून आला. बाबालाल म्हणजे केरबाचा लहानपणापासूनचा दोस्त. बाजारात त्याचा सोड्याचा गाडा होता. दुपारच्या उन्हात तो गाड्यामागं त्या सिलिंडरलाच पाठ टेकून बसायचा. गॅस सुटत असला की सिलिंडर गार पडतो, आणि फुकटचा गारवा कोण सोडतो?

हौसाबाईनं रंग खरवडला. केरबानं टोला दिला, मान तिरकी केली. हौसाबाईच्या हातातला ब्रश थांबला.

“नाना, ह्यो बद्द बोलतोय.”

“काय?”

“बद्द बोलतोय म्हणते! आन् बुडाला चिंचोक्याएवढा खड्डा पडलाय, ह्यो बघा. एकदा पाणी भरून बघा की.”

केरबाला ऐकू काहीच आलं नाही. पण तिच्या ओठांवर ‘पाणी’ त्यानं बरोबर वाचलं, आणि त्याचे गाल तापले. नुसतं एवढंच म्हणायचं होतं, बाई, मला ऐकू येत नाही, तूच ऐक. तोंडाशी आलंही होतं. त्यानं बाबालालकडे बघितलं.

बाबालाल हसत होता. “हौसाबाई, तू आपला रंग लाव. आमच्या केरबाचा कान आन् माझा जीव तीस वर्षं एकाच पिशवीत हाय.”

झालं. तोंडाशी आलेलं केरबानं गिळलं.

“ब्रश कुणाच्या हातात हाय आन् हातोडी कुणाच्या, ते बघून बोलावं माणसानं,” तो हौसाबाईवर खेकसला आणि त्यानं पंच ठोकला. वर्ष ठोकलं. मग ‘के’.

हौसाबाईनं रंग लावला. त्या खड्ड्यापाशी तिचा हात दोनदा अडला. मग तिनं खड्ड्यावरूनही ब्रश फिरवला. तिचंही चुकलंच, झाकून काय उपयोग. नव्या काळ्या रंगात सिलिंडर असा चमकायला लागला, की आज कारखान्यातून आलाय म्हणावं.

वैशाखातला मंगळवार उजाडला. बाजाराचा दिवस. भर दुपारी केरबा शेडच्या दारात बशीत चहा ओतून बसला होता. बशीतल्या चहावर अचानक गोल गोल कड्या उठल्या. त्यानं वर बघितलं. समोरच्या लिंबावरचे कावळे एकदम उडाले होते. हौसाबाईच्या हातातून रंगाचा डबा सुटला होता आणि तिचं तोंड उघडंच राहिलं होतं. रस्त्यावरून माणसं बाजाराकडे पळत होती, एकाच्या पायात चप्पल नव्हती.

केरबानं चहाचा घोट घेतला आणि विचारलं, “काय झालं? कोण मंत्री आलाय का?”

हौसाबाई त्याच्याकडे वळली.

“नाना,” ती म्हणाली, “तुम्हाला ऐकू न्हाई आलं?”

हे त्यानं तिच्या ओठांवर अक्षर न् अक्षर वाचलं.

“पत्रा हादरला वो, नाना! आख्खं गाव उठलं! आन् तुम्हाला… ऐकू न्हाई आलं?”

बावीस वर्षं ती त्याला हट्टी समजत होती. हट्टी तो होताच. पण बहिरा? बहिरा माणूस टोले देत होता आणि ती त्यावर रंग लावत होती? ती पळत सुटली. तिच्यामागं केरबा.

बाजारात सोड्याचा गाडा नव्हताच. एक चाक तेवढं पडलं होतं. सिलिंडरचा वरचा अर्धा तुकडा धान्यवाल्याचा पत्रा फोडून आत गेला होता. कुंभारणीची सगळी मडकी फुटली होती, आणि त्यात ती बाई धक्क्यानं तशीच बसून होती, डोळ्याची पापणी लवत नव्हती. एका लेकुरवाळीला बाटली द्यायला म्हणून बाबालाल सिलिंडरपासून उठला होता, गाड्याला वळसा घालून पुढं गेला होता. तेवढ्यानं जीव वाचला. उजवा हात मात्र कोपरापासून उरला नव्हता.

लोकांनी त्याला बाजल्यावर घातलं होतं. केरबा वाकला. बाबालालचे ओठ हलले. केरबा आयुष्यात पहिल्यांदा ओठांवरून नजर काढायला बघत होता, पण जमलं नाही.

“केरबा,” बाबालाल विचारत होता, “ठसा तुझाच होता ना रं?”

शिवी दिली असती तर सोसली असती. पण तो रागावलाच नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं, हे झालंच कसं.

जीप आली, बाबालालला दवाखान्यात घेऊन गेली. केरबा तिथंच भर बाजारात उभा राहिला आणि ओरडला. बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा ते कळत नाही, त्यामुळं पार नदीपर्यंत ऐकू गेलं.

“मला दोन वर्षं ऐकू येत न्हाई! दोन वर्षांतला माझा सगळा ठसा खोटा हाय! ज्याच्याकडं ‘के’ असंल त्यानं त्याला हात लावू नका, मला कळवा!”

ज्यांच्या दुकानात सिलिंडर होते ते दुकानाबाहेर आले आणि आपल्याच दुकानाकडे भूत दिसल्यासारखे बघायला लागले.

दुसऱ्या दिवशी तपासणीचे साहेब आले. केरबानं सगळं कबूल केलं. साहेबांनी काचेतला कागद बघितला, उदबत्तीची राख बघितली, मग विचारलं, “पंप चालतो का?”

“नवाच हाय, साहेब,” केरबा म्हणाला. “वापरलाच न्हाई.”

साहेबांना हसावं का कानफटात मारावी ते कळेना. त्यांनी पोतं ओढलं, कोंबडीला हाकललं. गावोगावचे सिलिंडर त्यांनी आधी रिकामे करवून घेतले आणि मग आठवडाभरात आणवले. एकेचाळीस आले. हौसाबाई पंप मारायला उभी राहिली. साहेबांनी केरबाला काट्यासमोर बसवलं.

“बघ,” ते म्हणाले.

केरबा बघत बसला. काटा बघायला कान लागत नव्हते. डोळे लागत होते, आणि ते त्याचे चांगले शाबूत होते. पहिल्या दिवसापासून शाबूत होते.

पहिला टिकला. दुसरा टिकला. तिसऱ्याचा काटा चढला, थांबला आणि हळूच खाली घसरला. सिलिंडरच्या कुशीतून पाण्याची एक बारीक धार उडाली आणि केरबाच्या तोंडावर आली. त्यानं ती पुसली नाही.

संध्याकाळपर्यंत एकेचाळीस झाले. नऊ बाद. हौसाबाईनं नऊही कापले.

त्यातला एक शाळेशेजारच्या वेल्डिंगच्या दुकानातला होता. एक फुगेवाल्याचा होता, त्याच्याभोवती दिवसभर पोरं उभी असायची. केरबा एकेक तुकडा उचलून त्यावरचा ‘के’ बघत होता. नववा तुकडा त्यानं खाली ठेवला नाही, मांडीवर घेऊन बसला.

मग पुढं शेडला टाळं लागलं, केरबा शिक्षा भोगून आला. ते व्हायलाच हवं होतं. आता शेड हौसाबाईच्या नावावर आहे. सिलिंडर आला की ती टोला देते, ऐकते, आणि आवाज कितीही खणखणीत आला तरी पंपाकडे बोट दाखवते. काट्यासमोर केरबा बसलेला असतो. कधी कधी बाबालाल येतो आणि शेजारी बसतो. दोघंही काटा बघतात.

तात्पर्य: आपलं कसब कधी संपलं हे कसबी माणसाला सगळ्यात शेवटी कळतं, आणि कळलं तरी तो सांगत नाही. नियम असतो तो त्याच दिवसासाठी. तो पाळायचा असतो, भिंतीवर टांगून ओवाळायचा नसतो.