मिशीत न मावलेलं दार

माळावर अजून नांगर फिरला नव्हता, तेव्हाची गोष्ट. सरूबाई उंदरिणीला पाच पिलं झाली आणि बीळ पुरेनासं झालं. एक खोली वाढवायची, तर माती उकरायला कुणाचं तरी बळ उसनं घेणं भाग होतं.

आधी ती मुंग्यांकडे गेली. म्हातारी मुंगी म्हणाली, "खोलीला महिना लागेल, बाई. आणि पुढे वर्षभर रोज एक दाणा आम्हाला द्यावा लागेल."

"वर्षभर!" म्हणत सरूबाई तशीच मागे फिरली.

परतताना वाटेत घोरपड भेटली. सगळं ऐकून ती म्हणाली, "दाणे कसले मागतात मेल्या! मी एका दुपारीत उकरून देते. फेड तुझ्या सवडीनं कर. फक्त मला आत शिरता यावं एवढं दार मोठं करावं लागेल."

सरूबाई हरखली. संध्याकाळच्या आत खोली तयार झाली. दारात उभं राहून मिशा पसरायच्या आणि त्या दोन्ही कडांना टेकल्या तरच आत राहायचं, ही उंदरांची जुनी रीत. पण सरूबाई नव्या खोलीतच रमली आणि दार मोजायचं राहून गेलं.

चौथ्या दिवशी ती पिलांसाठी मऊ गवत घेऊन आली, तर घोरपड बिळातून बाहेर पडत होती.

"मावशी, तुमच्या फेडीचं मी बघतेच आहे हो," सरूबाई घाईघाईनं म्हणाली.

"राहू दे गं," घोरपड जीभ फिरवत म्हणाली. "फिटलं सगळं."

आत चिडीचूप होतं. सरूबाईनं दारात उभं राहून मिशा पसरल्या. त्या कुठेच टेकल्या नाहीत.