साहेबांची छत्रछाया

सांधे धरलेल्या सासूबाईंना पौषातही आंघोळीला कढत पाणी मिळावं, म्हणून अंगणवाडीच्या मालनबाईंनी हौसेने गच्चीवर सोलर बसवला. आणि पंधरा दिवसांत नेमका त्याच्यासमोर सरपंच दौलतरावांच्या वाढदिवसाचा दुमजली फ्लेक्स उभा राहिला: 'साहेबांची छत्रछाया गावावर सदैव राहो!' सोलरवरचं ऊन गेलं. बाईंनी कार्यकर्त्यांना विनवून पाहिलं, तर ते म्हणाले, "बाई, साहेबांची सावली पडायला नशीब लागतं!"

वाढदिवशी दौलतराव लवाजम्यासह सासूबाईंच्या पाया पडायला आले. बाईंनी रीतीप्रमाणे दारातच त्यांच्या पायांवर तांब्याभर पाणी ओतलं. साहेब उडालेच.

"अहो, एवढं गार? तुमच्याकडे सोलर आहे ना?"

"आहे की. परवापरवापर्यंत चटका बसायचा," बाई शांतपणे म्हणाल्या. "आता तोही तुमच्या छत्रछायेत आहे."

कार्यकर्त्यांनी माना खाली घातल्या. दौलतराव तडक गच्चीवर गेले. रस्त्यावरून हसरा दिसणारा आपला फ्लेक्स त्यांनी पहिल्यांदाच मागून पाहिला. तिथे चेहरा नव्हताच, नुसती सावली होती.

खाली येऊन ते एवढंच म्हणाले, "आधी मला उतरवा रे."