अप्पांनी वाईन ढवळली

एकदा एका अतिशीत देशात, जिथे हिवाळा अर्धे वर्ष मुक्काम ठोकून असतो, एक वृद्ध मराठी गृहस्थ राहत होते. सारे त्यांना अप्पा म्हणत. निवृत्तीनंतर त्यांना घरी वाईन करण्याचा छंद जडला होता. त्या देशी याचे तयार संच दुकानात मिळतात. आटवलेला द्राक्षरस, यीस्टची पुडी, शेवटी वाईन निवळवण्याची पुडी आणि कृतीचा कागद. कागद सर्वांना एकच, वाईन मात्र ज्याची त्याची निराळी. म्हणून नवशिके अप्पांकडे येत.

श्रीरंग त्यांपैकीच एक. हुशार, कामसू आणि घाईत कोणाला हार न जाणारा. लाल वाईनचा संच त्याने आणला तो पत्नीसाठी. मृदुला महिनाअखेर पुण्याला जाणार होती. "काही महिने राहीन म्हणते. परत यायचं नंतर बघू," एवढेच ती बोलली होती, आणि ती परत येईल की नाही याची श्रीरंगला धास्ती होती. तिने निघण्यापूर्वी आपल्या हातची वाईन तिच्यापुढे ठेवावी, म्हणजे तिचे मन वळेल, असा त्याचा भाबडा हिशेब होता.

"भांडण झालंय का तुमचं?" अप्पांनी पहिल्याच भेटीत विचारले.

"छे हो! गेल्या वर्षी तिची आई गेली. मला कामातून निघता आलं नाही, ती एकटीच जाऊन आली. पण एका शब्दानं दोष दिला नाही तिनं मला. फार समजूतदार आहे. आमच्याकडे कधी कुणाचा आवाज चढत नाही, अप्पा."

अप्पा "हं" म्हणाले आणि त्यांनी द्राक्षरसात यीस्ट सोडले.

यथाकाल रस फसफसला, मग शांत झाला. दोघांनी तो काचेच्या मोठ्या बुधल्यात भरला. काही दिवसांनी बुडबुडे थांबले, गाळ तळाशी बसला आणि वरची वाईन माणकासारखी दिसू लागली. श्रीरंग रिकाम्या बाटल्या घेऊनच हजर झाला.

"आता भरू या. बघा, कशी निवळलीय! कागदावरच्या उरलेल्या पायऱ्या राहू देत."

"उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग," अप्पा म्हणाले. त्यांनी लांब दांड्याचा डाव उचलला, थेट तळापर्यंत घातला आणि जोराने ढवळायला सुरुवात केली. बसलेला गाळ उसळून वर आला. फेस बुधल्याच्या तोंडापर्यंत चढला.

श्रीरंगने त्यांचा हात धरला. "अप्पा, हे काय करताय! सगळी गढूळ झाली. आता मृदुला जाईपर्यंत तयार व्हायची नाही ही."

"नाहीच व्हायची," अप्पा म्हणाले, आणि दमल्यावर डाव त्याच्याच हातात दिला.

श्रीरंगला राग आला होता, पण वयाचा मान राखून तो ढवळत राहिला. दर फेऱ्याला फेस फुसफुसून वर येई. इतक्या निश्चल वाईनमध्ये एवढा वायू होता कुठे, हे त्याला कळेना. कितीतरी वेळाने फेस ओसरला, तेव्हा अप्पा स्टुलावर बसले.

"बुडबुडे थांबले तेव्हा तुला वाटलं, वायू संपला. तो आत कोंडून राहिला होता. तो बाहेर काढल्याशिवाय निवळवण्याची पुडी घातली तरी गाळ पुरता बसत नाही. आज भरली असतीस तर दिसायला सुरेख दिसली असती आणि जिभेला टोचली असती. म्हणून ढवळायची. ढवळली की गढूळ होते, त्याला इलाज नाही." मग त्यांनी विचारले, "मृदुला एकटी गेली होती तेव्हा तिथं काय काय झालं, हे तू तिला कधी विचारलंस का रे?"

आपण का जाऊ शकलो नाही याची दहा कारणे श्रीरंगच्या जिभेवर होती. परंतु अप्पांनी ते विचारलेच नव्हते. त्याने मृदुलाला कधी विचारले नव्हते, कारण ती खरे सांगेल याची त्याला भीती वाटत होती. ते उमगले आणि त्याला स्वतःची लाज वाटली.

तो घरी आला तेव्हा मृदुला कपड्यांच्या घड्या घालीत होती. तो तिच्यासमोर बसला.

"आई गेल्या तेव्हा मी तुला एकटीला पाठवलं. तिथं काय झालं ते कधी विचारलंही नाही. सांगशील?"

"आत्ता? बॅग भरताना?"

"हो."

"ऐकवणार नाही तुला."

"तरी सांग."

ती बोलू लागली. जावई कुठे, असे जो तो विचारत होता आणि ती त्याच्या वतीने खोटे बोलत होती. आईजवळ नीट रडायलाही तिला फुरसत मिळाली नव्हती. बोलता बोलता तिचा आवाज चढला, पार शेजारी जाईल इतका. श्रीरंगकडे प्रत्येक गोष्टीचा खुलासा होता. त्याने एकही केला नाही.

मृदुला ठरल्या दिवशी निघाली. विमानतळावर आत जाता जाता ती मागे वळली.

"आईचं घर आवरायचंय. तिच्या साड्या, भांडी, सगळं तसंच पडलंय. मला एकटीला नाही जमायचं. येशील?"