दरीपलीकडचं बाळंतपण

फार फार जुनी गोष्ट. लहानांनी ऐकावी आणि मोठ्यांनी तर मुद्दाम ऐकावी, कारण यातली चूक मोठ्यांचीच आहे.

एका डोंगराळ मुलखात खोल दरीच्या दोन अंगांना दोन वाड्या होत्या, एक अलीकडची आणि एक पलीकडची. दरी इतकी अरुंद, की इकडून हाक मारली तर तिकडून ओ यायची. मात्र जायचं म्हटलं तर लाकडाचा एक साकव तेवढा होता. तो नसला की डोंगराला वळसा घालायचा, आणि त्यात दिवस मावळायचा. राजाचे वैद्य राजधानीत राहायचे. डोंगरातल्या माणसांनी वैद्याचं तोंडही कधी पाहिलं नव्हतं.

त्यांना आधार होता एका सुईणीचा. ती अलीकडच्या वाडीत राहायची आणि दोन्हीकडची बाळंतपणं करायची. बाई मोठी गुणाची, हाताला यश होतं. बाळंतिणीच्या खोलीत शिरली की ती आधी सगळ्यांना बाहेर काढायची आणि दाराला आतून कडी घालायची. मग ओच्यातून एक मुळी काढून बाळंतिणीच्या कमरेला बांधायची. मुळी कसली, ते तिने कधी कुणाला सांगितलं नाही. त्या मुलखात समजच तसा होता, की औषधाचं नाव फुटलं की औषधाचा गुण जातो.

आता गुण जातो की सांगणाऱ्याचा मान जातो, हे कुणी तपासून पाहिलं नव्हतं. सुईणीला मान मात्र भरपूर होता. बारशाला पहिली ओटी तिची भरायची, आणि ती आली की पाटीलसुद्धा बाजेवरून उठून उभा राहायचा.

पलीकडच्या वाडीत एक कुंभारीण होती. तिची जाऊ बाळंतपणात गेली. मूल सुखरूप झालं, पण त्यानंतर रक्त जायला लागलं ते थांबेना. सुईण त्या वेळी अलीकडच्या वाडीत दुसऱ्या बाळंतिणीपाशी अडकली होती. ती धापा टाकत पोचली तोवर सगळं आटोपलं होतं. सुतक फिटल्यावर कुंभारीण साकव ओलांडून सुईणीच्या दारात आली.

“मावशी, मला शिकवा,” ती म्हणाली. “तुम्ही एकट्या, वाड्या दोन. तुम्ही हिकडं असताना तिकडं कुणीतरी पायजेच की.”

“मडकं घडवणं येगळं आन् बाळंतीण सोडवणं येगळं, बाई,” सुईण म्हणाली. “आन् सांगितलं की गुण जातो. मग ना तुझ्या हाती काय ऱ्हाईल, ना माझ्या.”

 कुंभारीण “बरं” म्हणून निघून गेली. सुईणीला तिचा राग आला नाही, उलट बरंच वाटलं. आपल्यावाचून लोकांचं अडतं यात माणसाला एक गोडी असते, आणि ती गोडी भल्याभल्यांना सुटत नाही.

पुढे सुईणीने आपली एकुलती लेक पलीकडच्याच वाडीत दिली. दरीच्या काठावरचं घर, इकडच्या काठावर उभं राहिलं की त्याची पडवी दिसायची. लेकीला दिवस गेले आणि ते भरतही आले. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सुईण तिला घरी आणायच्या तयारीला लागली. तेवढ्यात वरच्या डोंगरात मोठा पाऊस कोसळला. पहाटे दरीतून असा लोंढा आला, की त्याने साकव मुळासकट उपटून नेला. आणि त्याच सकाळी पलीकडून कुंभारणीची हाक आली.

“मावशी, तुमच्या लेकीला कळा लागल्यात.”

सुईण काठाकडे धावली. पायाखाली दरी, दरीत गढूळ पाणी. डोंगराला वळसा घालून निघावं तर पोचेपर्यंत दिवस जाणार. इथे थांबावं तर नुसतं बघत राहायचं. शेकडो बायकांना हातांनी सोडवणारी ती बाई त्या काठावर हात चोळत उभी होती. हळूहळू तिच्यामागे वाडी गोळा झाली. पलीकडेही माणसं जमली. बायकांनी पडवीला लुगडी बांधून आडोसा केला आणि लेकीला तिथे आणून निजवलं, निदान आईचा आवाज तरी कानावर पडावा म्हणून.

दुपार झाली आणि मुलाचं रडणं ऐकू आलं. सुईणीने डोळे मिटून हात जोडले. काठावरची माणसं एकमेकांकडे बघून हसली. पण ते हसू ओठांवर असतानाच लुगड्याआडून कुंभारणीचा आवाज आला, आणि या वेळी तो घाबरलेला होता.

“मावशी, रगत थांबंना. मुळी कसली बांधू? नाव सांगा.”

 दोन्ही काठांवर सगळ्यांच्या माना सुईणीकडे वळल्या.

 पण सुईणीपाशी नाव सांगण्यासारखं काही नव्हतंच. ती मुळी म्हणजे अंगणातल्या साध्या गवताची. घाबरलेल्या बाळंतिणीला धीर यावा म्हणून ती बांधायची, एवढंच. खरं काम कडी लावलेल्या दाराआड तिचे हात करायचे, आणि ते कुणाला दिसू नये म्हणूनच ती कडी. आता हे बोलायचं म्हणजे दोन्ही वाड्यांसमोर कबूल करायचं, की जन्मभर आपण लोकांना गवत दाखवत आलो. तिने एकदा मागे वळून जमलेल्या वाडीकडे पाहिलं. लेकीचं रक्त चाललं असताना आपल्याला मान आठवला, याची लाज तिला पुढे मरेपर्यंत पुरली.

“मुळीत काय न्हाई,” ती ओरडली. “मुळीचा नाद सोड. पोट चोळ तिचं.”

पण सकाळपासून हाका मारून तिचा आवाज बसला होता, आणि खाली पाणी गर्जत होतं. पलीकडे काही पोचलं नाही. “काय म्हणता?” कुंभारीण विचारत राहिली.

सुईणीच्या शेजारी वाडीचा म्हातारा राखणदार उभा होता. शेतातल्या माळ्यावर बसून पाखरं हाकलण्यात त्याचा जन्म गेला होता. त्याच्या आवाजाने पलीकडच्या शेतातली पाखरंही उडायची. पण बाळंतपणाच्या गोष्टी पुरुषाच्या कानावर घालायच्या नसतात, हाही त्या मुलखाचा रिवाज. सुईणीने त्याचा दंड धरला.

“बाबा, मी सांगते ते जसंच्या तसं वरडा. लाजू नगा.”

म्हाताऱ्याने मान खाली घातली. मग तोंडाला दोन्ही हात लावले आणि तो ओरडू लागला.

“बेंबीच्या खाली हात ठेव! आत गोळा लागंल! मऊ हाय का कडक?”

“मऊ हाय, कणकेवानी,” उत्तर आलं.

“जोरानं चोळ! गोल गोल! कडक होस्तवर थांबू नगं! आन् पोराला छातीशी धर, पिऊ दे!”

पडवीतून लेकीची किंकाळी आली. 

“तिला लई दुखतंय, मावशी. थांबू का?”

 म्हातारा तिच्याकडे बघत राहिला. शेवटी ती पुटपुटली, आणि तो ओरडला, “दुखू दे! हात काढू नगं!”

लेक पुन्हा किंचाळली, मग कण्हू लागली, मग तिचा आवाजच बंद झाला. किंकाळी ऐकवत नव्हती, पण ही शांतता त्याहून वाईट होती. काठावरच्या एका बाईने सुईणीला मागून धरून ठेवलं, सुईण दरीत पडेल की काय अशी भीती त्या बाईला वाटली. पलीकडून काहीच कळेना. 

मग कुंभारणीचा आवाज आला. “गोळा कडक झाला. रगत कमी झालंय.”

“हात तसाच ठेव,” म्हातारा ओरडला, आणि हे मात्र त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

उन्हं कलली तेव्हा लेकीने डोळे उघडून पाणी मागितलं. तसं कळताच सुईण सगळ्यांदेखत रडली. थोड्या वेळाने कुंभारीण लुगड्याआडून बाहेर आली. तिचे हात मनगटापर्यंत लाल होते. ती दरीच्या अगदी कडेला येऊन उभी राहिली. सुईणीने तिला दोन्ही हात जोडले.

कुंभारीण रागावलेली नव्हती. तिने फक्त विचारलं, “मावशी, एवढंच करायचं असतं?”

सुईणीने मानेनेच हो म्हटलं.

“जाऊ गेली तवा मी तिच्या उशाशीच बसले होते,” कुंभारीण म्हणाली. “माझे दोन्ही हात रिकामेच होते.”

यावर सुईणीला जे सांगायचं होतं, ते म्हाताऱ्याकडून ओरडून सांगण्यासारखं नव्हतं.

वाड्यांनी मिळून नवा साकव बांधला. सुईण तो ओलांडून गेली ती आधी कुंभारणीच्या दारात, आणि मग लेकीच्या. त्या दिवसापासून तिने बाळंतिणीच्या दाराला कडी लावली नाही, आणि मुळी म्हणजे साधं गवत, हेही विचारेल तिला सांगून टाकलं. कुंभारणीला तिने शिकवलं, कुंभारणीने डोंगरात आणखी वर असलेल्या एका वाडीतल्या दोघींना, आणि बघता बघता त्या डोंगरात वाडीगणिक एक सुईण झाली. आपल्या या सुईणीचा मान मात्र गेला. ती आली तरी पाटील बाजेवर बसून राहायचा, आणि काही जणी तोंडावर म्हणायच्या, “गवत बांधायची ही आम्हांला.” ती ऐकून घ्यायची. गुण कुणाचाच गेला नाही. फक्त कुंभारणीच्या जावेचं पोर आईवाचून वाढलं, ते कुणाला बदलता आलं नाही.

म्हणून, लहानांनो आणि थोरांनो, एवढं ध्यानात ठेवा: जीव वाचवणारी विद्या जो झाकून ठेवतो, त्याच्या माथी न वाचलेल्यांचंही पाप बसतं.