डोक्यावरून कानापर्यंत

"सांगा ना गुरुजी, माझं चुकलं कुठं?"

उत्तरेश्वर तिसऱ्यांदा विचारत होता. गुरुजी आपले वाती वळत बसलेले. एकशिक्षकी शाळेतून निवृत्त होऊन हा म्हातारा नदीकाठच्या मठात राहायला आला, त्याला वीस वर्षं झाली. पण शिष्याला तिष्ठत ठेवायची खोड काही गेली नव्हती.

उत्तरेश्वर आता बडी असामी. अजाण पोरांनी इंटरनेटवर नको तिथं शिरू नये म्हणून त्यानं वय तपासायची यंत्रणा उभारली होती. मुलानं चेहरा दाखवायचा, जन्मदाखला द्यायचा, घरचा पत्ता द्यायचा. वय भरलं तर आत, नाहीतर माघारी. आणि गोळा झालेलं सगळं यानं साठवून ठेवलं, पुढेमागे लागेल म्हणून.

तेच चोरीला गेलं.

अकरा वर्षांच्या एका मुलीचा फोटो नि पत्ता कुणा परक्याच्या हाती पडला. तो तिच्या शाळेच्या फाटकाशी येऊन उभा राहिला. शिपायानं हटकलं म्हणून थोडक्यात निभावलं, पण पोरगी तेव्हापासून घराचा उंबरा ओलांडत नाही.

तरी गड्याची ऐट कायम. कुलपं कच्ची होती, म्हणाला. आता दसपट पक्की बसवलीत, उद्या पुन्हा सुरू करतोय, तेवढा आशीर्वाद द्या.

गुरुजींनी विचारलं, "तुला शाळेत घातलं, तेव्हा दाखला होता?"

"कुठला दाखला... आईला माझं सालही ठाऊक नव्हतं."

"मग मी वय कसं पाहिलं?"

उत्तरेश्वरनं उजवा हात डोक्यावरून पलीकडे नेला. बोटं डाव्या कानाला टेकली. त्या काळी खेड्यापाड्यांत पोरांचं वय असंच पाहत. कान हाती लागला तर सहा वर्षं पुरी, नाहीतर पुढच्या साली ये. रजिस्टरात जन्मतारीख म्हणून सगळ्यांचीच एक जून.

हात तसाच कानाला लावून तो बसून राहिला. ती मुलगी डोळ्यांपुढून हलेना. फार लाज वाटली त्याला.

"पण गुरुजी... काहीच ठेवलं नाही, तर वय तपासल्याचा पुरावा उद्या कुणी मागितल्यावर दाखवू काय?"

गुरुजींनी हलकेच त्याचं मनगट धरलं. हात डोक्यावरून खाली घेतला आणि त्याच्याच मांडीवर ठेवला.

"कान लागतो का, तेवढं मी बघितलं. हात तुझा तुला परत दिला."