चुन्याच्या भिंती

ऐका मंडळी, लहान आणि मोठीही! फार फार पूर्वी, तुमच्या पणजोबांचे पणजोबा रांगत होते त्याच्याही आधी, नदीकाठच्या एका गावात रायाजी नावाचा गूळ करणारा राहत होता. घरात बायको सगुणा, दोन मुलगे आणि दोन सुना. गूळ गोड होता, पण घरात रोज उठून कटकट. घर होतं एवढंसं. एकानं कूस बदलली की दुसऱ्याला जाग यायची. चूल एक आणि सुना दोन, मग काय विचारता!

एक दिवस थोरला मुलगा म्हणाला, "बाबा, आता पुरे झालं. ऐसपैस घर बांधा, नाहीतर मी बायकोला घेऊन सासुरवाडीला राहायला जातो."

सगळ्यांनी एका छपराखाली राहावं, एवढं एकच रायाजीचं मागणं होतं. त्यानं लगोलग राज्यातल्या नावाजलेल्या स्थपतीला बोलावणं धाडलं. स्थपती म्हणजे घराचा आराखडा आखून ते उभं करून देणारा. हा म्हातारा भारी तोंडाळ, आणि हातात सदा अडकित्ता. पण त्यानं बांधलेल्या घरातली माणसं कधी पांगत नाहीत, असं लोक सांगत.

म्हाताऱ्यानं अंगणात बसकण मारली. सुपारी कातरत विचारलं, "हं, बोला. कसं घर हवं?"

"पुढं मोठी थोरली बैठक हवी," रायाजी म्हणाला. "पाटील आले, पाहुणे आले, तर बघतच राहिले पाहिजेत."

"मला वेगळं दार," थोरला म्हणाला.

"मला वेगळी चूल, आणि मधे चांगली जाडजूड भिंत!" थोरली सून म्हणाली.

"जाडच घाला बाई, मलाही तेच हवंय," धाकटी फणकारली.

धाकट्या मुलाला दुपारची झोप मोडणार नाही अशी खोली हवी होती. राहिली सगुणा. ती म्हणाली, "मला काय, कुठंही चालेल."

म्हाताऱ्याचा अडकित्ता जरा थांबला. त्यानं तिच्याकडं पाहिलं आणि पुन्हा सुपारी कातरायला लागला.

दुसऱ्या दिवशी गावाबाहेरच्या नव्या जागेवर त्यानं चुन्याच्या फक्कीनं सगळं घर जमिनीवर आखलं. बैठक, खोल्या, चुली, दारं, जो जे बोलला ते सारं त्यात होतं. मग म्हणाला, "आता या बाजारापासून पुढच्या बाजारापर्यंत इथंच राहायचं. जेवण, झोप, भांडण, सगळं इथं. रेघ म्हणजे भिंत. भिंतीतून जायचं नाही, दारातूनच जायचं. मगच मी पायाची कुदळ मारीन."

"अहो, गाव हसेल!" रायाजी कळवळला.

"हसू द्या की. त्यांना कुठं या घरात राहायचंय?"

आणि गाव हसलंच! रायाजी पागोटं घालून उघड्या माळावर आपल्या बैठकीत बसायचा, आणि येणारेजाणारे म्हणायचे, "रायाजी, दार लावून घ्या, वारा येतोय!" बैठकीत माश्यांखेरीज कुणी फिरकलं नाही. भाकरीचं ताट मागच्या चुलीपासून सगळ्या दारांतून वळसे घेत यायचं, तोवर भाकरी गार. बिचाऱ्याला करमेना.

दोघी सुना रेघेच्या अल्याडपल्याड पाठीला पाठ लावून स्वयंपाक करत. एकदा धाकटीकडचं मीठ संपलं. मीठ होतं हातभर अंतरावर, पण मागेल कोण? नवराबायको गुमान अळणी आमटी प्यायले.

सगुणेनं काहीच मागितलं नव्हतं, म्हणून आराखड्यात तिला जागाच नव्हती. ती रेघांबाहेरच्या जांभळाखाली सूप घेऊन बसायची. थोरला पाणी प्यायला म्हणून यायचा आणि तिथंच रेंगाळायचा. धाकटा झोप झाली की तिथं येऊन जांभया द्यायचा. सुनासुद्धा यायच्या, फक्त एकमेकींची वेळ चुकवून.

बाजाराच्या आदल्या दिवशी धाकटीच्या हातावर उकळती आमटी सांडली. ती किंचाळली. थोरलीनं मागंपुढं पाहिलं नाही. पाण्याचा तांब्या उचलला आणि थेट भिंतीतून पलीकडं!

"अगं, भिंत! भिंत आहे तिथं!" रायाजी बैठकीतून ओरडला.

"चुलीत गेली तुमची भिंत, मामंजी! पोरीचा हात भाजलाय!"

बोलून गेली आणि तिनं जीभ चावली. सासऱ्याला ती कधी उलटून बोलली नव्हती. पण धाकटीला रडतारडता हसू फुटलं. रायाजी उठला आणि वाटेतल्या साऱ्या भिंती तुडवत सुनेचा हात बघायला धावला. मुलगे धावले, सगुणा धावली. त्या रात्री सगळे एकाच चुलीवरचं जेवले.

सकाळी मात्र रायाजीचं तोंड उतरलं. स्थपती आला तसे त्यानं हात जोडले. "बाबा, आम्ही अट मोडली. भिंती पुसून टाकल्या. आता तुम्ही काही घर बांधायचे नाही, आणि माझा थोरला जाणार." त्याचे डोळे भरून आले.

म्हातारा रेघांवरून नजर फिरवत खो खो हसला. "अहो, पुसायला म्हणून तर चुन्याच्या आखल्या! दगडाच्या असत्या तर काय केलं असतं? जिथं रेघ पुसली तिथं दार ठेवू. जिथं शाबूत आहे तिथं भिंत घालू." धाकट्याच्या झोपेच्या खोलीची रेघ अगदी जशीच्या तशी होती.

मग तो जांभळाखाली थांबला. तिथलं गवत पार तुडवलं गेलं होतं. "आणि इथं कोण राहतं?"

"मी बसते," सगुणा म्हणाली.

"एकट्या?"

सगळ्यांनी माना खाली घातल्या.

"बाई, कुठंही चालेल म्हणालात, आणि तुमच्याच घरात तुम्हाला जागा उरली नाही. आता नीट सांगा, काय हवं?"

सगुणा लाजली. मग हळूच म्हणाली, "इथं एक ओटा हवा. सगळ्यांना टेकता येईल एवढा. आणि हे जांभूळ तोडू नका."

म्हाताऱ्यानं सगळा आराखडा उचलून जांभळाभोवती नेला. झाड आलं चौकात, ओटा आला झाडाखाली, बैठक झाली लहान.

"आणि तुझं वेगळं दार रे?" त्यानं थोरल्याला विचारलं.

थोरला घुटमळला. "ठेवा," तो म्हणाला, "पण आईच्या ओट्याकडं उघडणारं ठेवा."

घर उभं राहिलं. चुली दोन बांधल्या, मधे बिनकवाडाचं दार. महिना झाला नाही तोच एक चूल कायमची थंडावली आणि तिच्यात मांजर निजू लागली. भांडणं व्हायची, नाही असं नाही, पण सासुरवाडीचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. पाटील आले तरी रायाजी त्यांना ओट्यावरच बसवायचा. जांभळं पिकली की दोघांची धोतरं जांभळ्या डागांनी भरायची आणि सगुणा दोघांना सारखंच रागवायची.

म्हणून सांगतो, घर आखण्याआधी माणसं काय मागतात ते ऐकावं, पण त्यांचे पाय कुठं वळतात ते जरूर पाहावं.