कुठला बर्फ?

"पेलाभर बर्फ वितळला, तर पाणी किती होईल?"

स्पितीच्या खोऱ्यातल्या एका मठाच्या शाळेत टिपणीस सरांनी हा प्रश्न विचारला. सर पुण्याचे, पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक. मुलांसाठी प्रयोगांचं पुस्तक लिहीत होते. 'तुमच्याकडे नुसती घोकंपट्टी चालते,' असं त्यांनी सकाळीच म्हाताऱ्या लामा रिगझिनना सुनावलं होतं.

लामा फक्त हसले होते.

आता समोर अकरा मुलं बसली होती. त्यांतली नऊ वर्षांची डोलकर म्हणाली, "कुठला बर्फ?"

"कुठलाही. बर्फ तो बर्फ."

"आजचा, परवाचा, का छपरावरून घसरलेला?"

मुलं हसली. सरांना वाटलं, आपल्यालाच हसली.

"प्रश्नाला प्रश्न नको. उत्तर आहे, दहावा भाग. लिहून घ्या."

कुणी लिहिलं नाही. सगळी कोपऱ्यात बसलेल्या लामांकडे बघू लागली.

लामा उठले. त्यांनी तीन रिकामे पेले सरांच्या हातात दिले आणि दाराकडे बोट केलं.

...

सर गुडघाभर बर्फातून डोलकरच्या मागे मागे गेले. ती दाखवेल तिथला बर्फ त्यांनी भरला. परतले तेव्हा नाक लाल झालं होतं. तिन्ही पेले काठोकाठ भरून शेगडीजवळ ठेवले.

"तर वितळेपर्यंत मी तुम्हाला घनता..."

लामांनी ओठांवर बोट ठेवलं.

मग सगळे नुसते बघत बसले. आधी पांढरं खाली दबलं. मग कडेनं पाझरू लागलं... सरही बघत होते. कितीतरी वर्षांत त्यांनी एखादी गोष्ट अशी बसून पाहिली नव्हती.

आजच्या बर्फाचं पाणी जेमतेम तळाला. परवाच्याचं दोन बोटं. छपरावरच्याचं निम्मा पेला.

सरांनी पेले उजेडात धरून पुन्हा पुन्हा पाहिले. मग त्यांना हसू फुटलं, पोट धरून हसावं तसं. मुलंही हसत सुटली.

"डोलकर, हे तुला कुणी शिकवलं?"

"चहाच्या पाण्यासाठी बर्फ मीच आणते. ताजा बर्फ असला की पाच फेऱ्या पडतात."

सरांनी वहीतला 'दहावा भाग' खोडला. पेन तिथंच थांबलं.

"लामाजी... मग पुस्तकात उत्तर काय लिहू?"

लामांनी खिडकी उघडली. गार वारा आत आला आणि बर्फाचे चार भुरभुरते कण सरांच्या वहीवर उतरले.

"अजून पडतोय," लामा म्हणाले.